छायाचित्रातील चौकटरचना

कॅमेऱ्याच्या चौकटीत काय घ्यायचे, काय वगळायचे आणि घेतलेले कुठे बसवायचे, या निर्णयांना चौकटरचना म्हणतात. बोलताना छायाचित्रकार ‘कंपोझिशन’ किंवा ‘फ्रेम लावणे’ म्हणतात. चित्रकार कोऱ्या कॅनव्हासवर एकेक वस्तू आणतो. छायाचित्रकारासमोर सगळे आधीच हजर असते. ठाणे-नवी मुंबईच्या दाटीत तर वगळणे हेच मुख्य काम ठरते.

सर्वांत परिचित संकेत तृतीयांशाचा. चौकट दोन उभ्या व दोन आडव्या रेषांनी नऊ समान भागांत विभागायची आणि मुख्य विषय रेषांवर किंवा त्यांच्या छेदबिंदूंपाशी ठेवायचा. मोबाइलमध्ये ‘ग्रिड’ चालू केल्यावर दिसतात त्या याच रेषा. जॉन टॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ मध्ये निसर्गचित्रांसंबंधी हा नियम याच नावाने मांडला, म्हणजे तो छायाचित्रणाहून जुना आहे. तलावपाळीवरून मासुंदा तलाव टिपताना काठाची रेषा वरच्या तृतीयांशावर ठेवली तर पाणी आणि प्रतिबिंबे चौकट व्यापतात. खालच्या रेषेवर ठेवली तर इमारती आणि आकाश. पाणी करडे, निर्जीव असेल तर पहिल्या पर्यायात काही अर्थ नाही.

ठाणे खाडीतले रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, टिपताना रचनेचे बरेच प्रश्न एकदम समोर येतात. ओहोटीला थवा दूर चिखलावर पांगलेला असतो. भरतीचे पाणी चढू लागले की पक्षी किनाऱ्याकडे सरकतात, पण गर्दीत माना एकमेकींवर चढतात आणि कोणती मान कोणाची ते कळेनासे होते. अशा वेळी थव्याच्या कडेचा, सुटा दिसणारा पक्षी निवडावा. त्याची चोच ज्या दिशेला असेल तिकडे मोकळी जागा सोडावी, नाहीतर पक्षी चौकटीच्या भिंतीला टेकल्यासारखा दिसतो. कॅमेरा उंचावर धरला तर पक्ष्यामागे चिखल-पाणी येते. खाली आणला तर पलीकडचा काठ आणि टॉवर येतात. नवोदित हे टॉवर हटकून टाळतात. खरे तर खाडीची ओळख त्यांच्यामुळेच पटते. नुसता गुलाबी पक्षी कुठलाही असू शकतो.

नजर आत ओढणाऱ्या रेषांसाठी पाम बीच रोडचा दुभाजक किंवा स्थानकाचा फलाट पुरतो. बेलापूरच्या महापालिका मुख्यालयासारख्या घुमटाच्या इमारतीसमोर मात्र तृतीयांश बाजूला ठेवून बरोबर मध्यावर उभे राहावे. सममिती साधायची तर पूर्ण साधावी. पाऊलभर सरकलेला मध्य चटकन खुपतो.

राहिलेली चूक क्रॉप करून सुधारता येते, पण ते फुकट नसते: १२ मेगापिक्सेलच्या चित्राची लांबी-रुंदी निम्मी केली की हाती ३ मेगापिक्सेल उरतात. शिवाय उभे राहण्याची जागा चुकली असेल तर विजेचा खांब माणसाच्या डोक्यातून उगवलेलाच राहतो.