आईबरोबरचा बाजार आणि ब्रिटनची हाय स्ट्रीट

ब्रिटनमध्ये १९४० ते १९६० या काळात वाढलेली माणसं लहानपणाबद्दल बोलू लागली की आईबरोबर हाय स्ट्रीटवर, म्हणजे गावातल्या दुकानांच्या मुख्य रस्त्यावर, केलेला बाजार हटकून निघतो. त्या आठवणींत खरेदीपेक्षा ताटकळणंच जास्त असतं: खाटकाच्या दुकानात जमिनीवर पसरलेला लाकडाचा भुसा, मोठ्यांच्या कोटांची गर्दी, आणि आईचा नंबर कधी लागतोय याची वाट.

ते ताटकळणं दुकानाच्या रचनेतच होतं. माल काउंटरच्या पलीकडे असे, गिऱ्हाइकानं त्याला हात लावायचा नसे. आई एकेक जिन्नस सांगणार, वाणी लोणी कापून तोलणार, बिस्किटं डब्यातून काढून पिशवीत भरणार. मांस, मासे, भाजी, पाव यांची दुकानं वेगळी, म्हणजे रांगाही वेगळ्या. बहुतेक घरांत फ्रिज नव्हता, त्यामुळे आठवड्याचा बाजार एकदम करून ठेवण्याची सोयच नव्हती. शाळेत न जाणारं मूल मग रोजच आईच्या मागे.

त्यातच दुसऱ्या महायुद्धामुळे ८ जानेवारी १९४० पासून रेशनिंग आलं. सुरुवात बेकन, लोणी आणि साखरेपासून झाली. प्रत्येक कुटुंबाला ठरावीक दुकानदाराकडे नाव नोंदवावं लागे. मला ही बाब फार महत्त्वाची वाटते. दुकानदाराला घरातली सगळी माणसं ठाऊक असत, कारण रेशनची पुस्तकं त्याच्याच हातातून जात. पुढच्या पिढीला दुकानदाराची जी आपुलकी आठवते, तिच्या मुळाशी टंचाई आणि सरकारी नोंदणीही होती. मांसावरचं नियंत्रण उठून रेशनिंग पूर्ण संपलं ते ४ जुलै १९५४ रोजी. मुलांच्या लेखी खरी सुटका मात्र आधीच झाली होती: ५ फेब्रुवारी १९५३ ला गोळ्या-चॉकलेटं रेशनमधून कायमची मोकळी झाली.

कामकरी वस्त्यांत आई बहुधा को-ऑपमध्ये, म्हणजे ग्राहकांच्या सहकारी दुकानात जाई. १८४४ साली रॉचडेलमध्ये उघडलेल्या सहकारी दुकानानं नफा सभासदांना त्यांच्या खरेदीच्या प्रमाणात वाटण्याची पद्धत रुजवली. प्रत्येक सभासदाला क्रमांक असे, खरेदीची नोंद त्यावरच होई, म्हणून सामान आणायला पाठवलेल्या मुलांना तो पाठ असावा लागे. कित्येकांना आईचा तो क्रमांक म्हातारपणीही बिनचूक सांगता येतो.

मुलांना रमवणारी यंत्रंही होती. अनेक दुकानांत पैसे आणि पावती एका डबीत घालून ती छताखालच्या तारेवरून कॅशियरकडे सोडत. मोड घेऊन ती परत येईपर्यंत मुलं वर बघत राहत. चपलांच्या दुकानांत पायाचा एक्स-रे दाखवणारी पेटी असे. नव्या बुटात आपलीच हाडं हलताना पाहण्यासाठी मुलं हट्ट करत. किरणोत्साराचा धोका कळत गेला तशी १९७० च्या दशकापर्यंत ती पेटी नाहीशी झाली.

हे सगळं मोडलं ते हळूहळू. सेन्सबरी या किराणा दुकानांच्या साखळीनं १९५० मध्ये लंडनजवळच्या क्रॉयडनला आपलं पहिलं सेल्फ-सर्व्हिस दुकान उघडलं; तिथे गिऱ्हाईक स्वतःच माल उचलून घेई. तरी छोटी दुकानं टिकून होती, कारण अनेक वस्तूंची किंमत उत्पादकच ठरवून देई आणि ती सगळीकडे सारखीच असे. १९६४ च्या कायद्यानं हे संरक्षण बहुतांशी गेलं. मोठ्या दुकानांना भाव पाडण्याची मुभा मिळाली. घरोघरी फ्रिज आणि दाराशी गाडी आल्यावर रोजची फेरी आठवड्यावर गेली. १५ फेब्रुवारी १९७१ ला १२ पेन्सचा शिलिंग आणि २० शिलिंगांचा पौंड हा हिशेब संपला, आणि काउंटरवर उभ्या उभ्या शिकलेलं ते अवघड गणितही. १९७६ मध्ये लंडनच्या उत्तर भागात ब्रेंट क्रॉस हे छताखालचं प्रचंड खरेदी केंद्र सुरू झालं.

वूलवर्थ्स या दुकानांच्या साखळीचं जाणं लोकांना विशेष लागलं. १९०९ मध्ये लिव्हरपूलला सुरू झालेल्या या दुकानात माल सुरुवातीपासून उघडा मांडलेला असे आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत कशाचीच किंमत सहसा ६ पेन्सपेक्षा जास्त नसे. इतर दुकानांत सगळं आई ठरवी. इथे मूल स्वतः बघून, हाताळून, आपल्या पैशांत निवडू शके. त्याची शेवटची दुकानं ६ जानेवारी २००९ रोजी बंद झाली.