मलावीला निघताय? विमानाचं तिकीट काढण्याआधी एवढं वाचा

मलावीच्या सहलीसाठी आमच्याकडे येणारे बरेचसे फोन एकाच वाक्याने सुरू होतात: ‘लिलाँग्वेचं जाण्यायेण्याचं तिकीट काढलंय, आता बाकीचं तुम्ही बघा.’ त्या तिकिटापायी सहलीतला एक पूर्ण दिवस जातो, म्हणून हे पत्रक.

आफ्रिकेच्या आग्नेयेकडचा हा देश नकाशात चिमुकला दिसतो. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहून थोडंच जास्त, पण उत्तर-दक्षिण लांबी जवळजवळ 900 किमी. पूर्वेच्या अंगाला सुमारे 580 किमी लांबीचं मलावी सरोवर. राजधानी लिलाँग्वे मध्यावर, ब्लँटायर पार दक्षिणेला, म्झुझू उत्तरेला. लिलाँग्वेहून सरोवराकाठाने खाली उतरत ब्लँटायरला पोचलात की सहल संपते, पण विमान असतं लिलाँग्वेहून. मग केवळ ते गाठायला 310 किमी मागे यायचं आणि एक मुक्काम वाढवायचा.

उपाय सोपा आहे: जाताना लिलाँग्वेला उतरा, येताना ब्लँटायरच्या चिलेका विमानतळावरून निघा. इथिओपियाच्या अदिस अबाबामार्गे दोन्हीकडे विमानं आहेत. तिकीट थोडं महाग पडलं तरी हॉटेलची रात्र आणि गाडीभाडं वाचतं. म्हणूनच तारखा नक्की करण्याआधी आम्हाला फोन करा. मार्ग आखून देण्याचे आम्ही वेगळे पैसे घेत नाही.

आमच्या नऊ दिवसांच्या सहलीचा नेहमीचा मार्ग असा. लिलाँग्वेत एकच दिवस पुरतो. 1975 मध्ये राजधानी झोंबाहून इथे हलली; वस्त्यांना ‘एरिया’ आणि आकडा अशी नावं आहेत, पण आकडे ओळीने लागत नाहीत, तेव्हा हॉटेलचा पत्ता नीट जवळ ठेवा. मग सलिमा आणि केप मक्लिअर. इथे किमान दोन रात्री राहाच. काठाजवळच्या खडकांत रंगीबेरंगी सिक्लिड मासे नुसत्या डोळ्यांनी दिसतात; याच माशांमुळे इथल्या राष्ट्रीय उद्यानाला 1984 मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. पाण्यात उतरायचं असेल तर बिल्हार्झियाबद्दल (गोड्या पाण्यातल्या परजीवी कृमींमुळे होणारा आजार), आणि एरवीही मलेरियाच्या गोळ्यांबद्दल, निघण्याआधी डॉक्टरांशी बोला. पुढे मांगोचीवरून झोंबा. पठारावर पाइनची जंगलं, हवा गार, स्वेटर लागतोच. शेवटी ब्लँटायर, तिथलं 1891 साली पूर्ण झालेलं विटांचं चर्च आणि शेजारचं लिंबे. लिंबेत भारतीय वंशाच्या व्यापाऱ्यांची जुनी वस्ती आहे.

म्झुझू आणि न्खाटा बे सुंदरच आहेत, पण लिलाँग्वेहून म्झुझू साडेतीनशे किमीच्या आसपास. नऊ दिवसांच्या सहलीत आम्ही ते घालत नाही. चार दिवस जास्त असतील तर आनंदाने घालतो.

‘तुमची गाडी पाचलाच का थांबते?’ ही तक्रार नेहमी येते. जून-जुलैत साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. अंधारात रस्त्यावर बिनदिव्यांच्या सायकली, पायी चालणारी माणसं, शेळ्या असतात. आमचे चालक रात्री गाडी चालवत नाहीत, आणि जादा पैसे दिले तरी हा नियम आम्ही मोडत नाही.

शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच सांगा. मक्याच्या पिठाचं न्सिमा आणि घेवड्याची उसळ सगळीकडे मिळते, पण सरोवराकाठच्या छोट्या लॉजवर चांबो मासाच मुख्य असतो. आधी कळवलं की आम्ही तिथे भाजी-डाळीची सोय करून ठेवतो.

पावसाळा नोव्हेंबर ते एप्रिल. मे ते ऑक्टोबरच्या सहलींची नोंदणी सुरू आहे. फोन करताना सुट्टीचे दिवस किती आणि सोबत लहान मुलं किंवा ज्येष्ठ कोणी आहेत का, एवढं सांगा.