पिएतातल्या मुलींचं ‘ग्लोरिया’

व्हेनिसच्या ‘ओस्पेदाले देल्ला पिएता’ या अनाथाश्रमाच्या भिंतीत एक कोनाडा होता. पोसणं शक्य नसलेलं तान्हं बाळ त्यात ठेवून आई निघून जायची. काही बाळांजवळ अर्धं कापलेलं पदक किंवा चित्राचा अर्धा तुकडा सापडे. उरलेला अर्धा आईजवळ, पुढेमागे ओळख पटावी म्हणून. इटालियन संगीतकार विवाल्दीची ‘ग्लोरिया’ ही चर्चमध्ये गायची रचना पहिल्यांदा गायली ती बहुधा या आश्रमात वाढलेल्या मुलींनी.

इथले मुलगे काम शिकून बाहेर पडत. मुली राहत, आणि ज्यांच्या गळ्यात सूर असे त्यांना संगीताची कडक तालीम मिळे. चर्चच्या सज्जात, जाळीआड उभ्या राहून त्या गात. त्यांना ऐकायला युरोपभरातून लोक येत आणि देणग्यांनी आश्रमाला हातभार लागे.

सप्टेंबर १७०३ मध्ये अंतोनियो विवाल्दी तिथे व्हायोलिन शिकवायला लागला. वय पंचवीस, त्याच वर्षी पाद्री झालेला. केस तांबडे म्हणून लोक त्याला ‘लाल पाद्री’ म्हणत. चर्चसाठी गाणी रचणं हे खरं तर संगीतप्रमुख गास्पारिनीचं काम. तो १७१३ मध्ये रजेवर गेला, परतलाच नाही, आणि ती जबाबदारी विवाल्दीकडे आली. ‘ग्लोरिया’ १७१५च्या आसपासचं मानतात.

शब्द त्याचे नाहीत. मिस्सामध्ये, म्हणजे कॅथलिक चर्चच्या मुख्य उपासनेत, शतकानुशतकं म्हटलं जाणारं हे लॅटिन स्तोत्र. वसईच्या चर्चमध्ये आज ते मराठीतून ऐकू येतं. विवाल्दीने त्याचे बारा भाग पाडले. सुरुवातीलाच व्हायोलिनं षड्जावरून थेट तार षड्जावर उडी घेतात, पुन्हा खाली येतात, पुन्हा उडी. मग ट्रम्पेट, आणि सगळा वृंद ‘ग्लोरिया’ (गौरव) हा एकच शब्द घोषासारखा म्हणतो. एवढ्या साध्या सामग्रीतून इतका उल्हास!

पण मला खरा विवाल्दी भेटतो तो दुसऱ्या भागात. ‘पृथ्वीवर माणसांना शांती लाभो’ हे शब्द त्याने संथ, दुखऱ्या सुरांत बांधलेत. आवाज एकामागून एक येतात, सूर एकमेकांना घासतात आणि सावकाश सुटतात. शांती मिळालेली नाही, ती मागितली जातेय, असं दरवेळी वाटतं. पुढे सोप्रानो, म्हणजे बाईचा उंच आवाज, आणि ओबो हे सनईसारखं वाद्य यांचा संवाद येतो, तोही असाच जीव लावणारा. शेवटचा भाग मात्र रुज्जेरी या संगीतकाराच्या १७०८च्या ‘ग्लोरिया’वरून घेतलेला आहे.

टेनर आणि बास हे एरवी पुरुषांनी गायचे खालच्या सुरांतले भागही पिएतात बायकाच गात. तिथल्या नोंदींत ‘आन्ना दाल बास्सो’, म्हणजे बासवाली आन्ना, अशी नावं सापडतात. आडनाव नसलेल्या या मुलींची ओळख म्हणजे त्यांचा आवाज.

विवाल्दी १७४१ मध्ये व्हिएन्नात गरिबीत वारला आणि ‘ग्लोरिया’ विस्मरणात गेलं. १९२६ मध्ये उत्तर इटलीतल्या सालेशियन या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांनी आपल्याकडचे जुने संगीताचे खंड विकायला काढले. ते तपासताना तुरिनच्या विद्यापीठात संगीताचा इतिहास शिकवणाऱ्या आल्बेर्तो जेंतिली यांच्या लक्षात आलं की हा विवाल्दीचा हरवलेला ठेवा आहे. ते घ्यायला तुरिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे पैसे नव्हते. रोबेर्तो फोआ या शेअर दलालाने आपल्या वारलेल्या तान्ह्या मुलाच्या, माउरोच्या, नावाने ते खंड घेऊन दिले. संग्रहाचा दुसरा अर्धा भाग एका खानदानी घराण्याकडे निघाला. तो १९३० मध्ये फिलिप्पो जोर्दानो या उद्योजकाने घेऊन दिला, तोही गमावलेल्या मुलाच्या, रेंझोच्या, आठवणीसाठी.

सप्टेंबर १९३९ मध्ये, महायुद्ध पेटलेलं असताना, इटलीतल्या सिएना इथे संगीतकार आल्फ्रेदो कासेल्ला यांनी ‘ग्लोरिया’ पुन्हा लोकांसमोर आणलं. जेंतिली ज्यू होते. वर्षभरापूर्वी इटलीत आलेल्या, ज्यूंविरुद्धच्या वंशभेदी कायद्यांनी त्यांची नोकरी गेली होती आणि या संगीतावरचं त्यांचं कामही सुटलं होतं.

‘ग्लोरिया’चं हस्तलिखित आज तुरिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, छोट्या रेंझोच्या नावाच्या संग्रहात.