विधी अध्यापकांसाठी शैक्षणिक तंत्रसाहाय्य

कायदा शिकवणाऱ्या प्राध्यापकांना अध्यापन, संशोधन आणि मूल्यमापनासाठी लागणारी संगणकीय साधने मिळवून देणे, ती वापरायला शिकवणे आणि अडले तिथे मदतीला धावणे, या कामाला विधी शिक्षणातील तंत्रसाहाय्य म्हणतात. प्रोजेक्टर लावून देणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग. कायद्यात मजकूर नुसता सापडून भागत नाही. तो आज अमलात आहे का, कोणत्या न्यायालयाचा आहे आणि जसाच्या तसा आहे का, हे तिन्ही प्रश्न सुटावे लागतात. म्हणून हे काम करणाऱ्याला संगणकाइतकीच कायद्याच्या पुस्तकांची जाण हवी.

साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेचे इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेज आणि सांगलीत भारती विद्यापीठाचे न्यू लॉ कॉलेज आहे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांत तंत्रसाहाय्याचा स्वतंत्र विभाग सहसा नसतो. ते काम ग्रंथपाल, संगणक कक्षाचा सहायक आणि एखादा उत्साही तरुण प्राध्यापक मिळून सांभाळतात. त्यातच वकिली करून शिकवायला येणाऱ्या अध्यापकांना तास संपला की कोर्ट गाठायचे असते. त्यांच्यासाठी दोन दिवसांच्या कार्यशाळेपेक्षा तासाआधीची दहा मिनिटे अधिक उपयोगी पडतात.

या कामाची खरी कसोटी १ जुलै २०२४ नंतर लागली. त्या दिवशी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम हे तीन नवे फौजदारी कायदे लागू झाले. भारतीय दंड संहितेच्या ५११ कलमांच्या जागी ३५८ कलमांची न्याय संहिता आली. खुनाच्या शिक्षेचे ३०२ कलम १०३ झाले आणि लोकांच्या तोंडी म्हणीसारखे बसलेले ४२० कलम ३१८ च्या पोटकलम ४ मध्ये गेले. वर्षानुवर्षे जमवलेल्या टिपणांतले आकडे ‘शोधा आणि बदला’ करून मात्र बदलता येत नाहीत, कारण त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच दंड संहिता लागू राहते. जुने कलम, नवे कलम आणि मजकुरात झालेला फरक असे तीन रकाने असलेला सामाईक तक्ता ठेवावा आणि प्रत्येक स्लाइडवर ‘या तारखेपर्यंतचा कायदा’ अशी ओळ असावी. एवढी साधी शिस्त कोणत्याही महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा जास्त उपयोगाची आहे.

तंत्रज्ञान हाच जिथे अभ्यासाचा विषय होतो, ते प्रकरण म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुरावा. जालन्याच्या निवडणूक वादातून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये निकाल दिला की मूळ साधन (ज्यात नोंद झाली तो फोन किंवा संगणक) न्यायालयापुढे नसेल, तर जुन्या साक्ष्य कायद्याच्या ६५ब कलमाखालचे प्रमाणपत्र लागतेच. ती तरतूद आता साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे आणि प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅश मूल्य, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने काढलेली अक्षरे-आकड्यांची ओळ, लिहावे लागते. ‘हॅश म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा’ हे वाक्य शंभरदा सांगितले तरी मुलांच्या डोक्यात बसत नाही. प्रयोग करून दाखवला की बसते. एका साध्या मजकूर-फाइलमध्ये काल्पनिक फिर्याद लिहायची आणि विंडोजबरोबर येणाऱ्या सर्टयूटिल या आज्ञेने तिचे एसएचए-२५६ या पद्धतीचे हॅश मूल्य काढायचे. पडद्यावर ६४ चिन्हांची ओळ येते. मग ‘रात्री ९ वाजता’ मधला ९ खोडून ८ करायचा आणि तीच आज्ञा पुन्हा द्यायची. एक आकडा बदलला, तर सगळी ओळच ओळखू येईनाशी होते. दुसरा प्रयोग मोबाइलचा. एकच छायाचित्र व्हॉट्सॲपवर एकदा फोटो म्हणून आणि एकदा डॉक्युमेंट म्हणून पाठवायचे. फोटो म्हणून गेलेली प्रत वाटेत दाबून लहान केली जाते, त्यामुळे तिचा हॅश मूळ फाइलशी जुळत नाही. हा तास प्राध्यापकाला निर्धास्तपणे घेता यावा यासाठी आदल्या दिवशी शेजारी बसून दोनदा करून पाहणे, हे तंत्रसाहाय्याचे सर्वांत मोलाचे रूप.

न्यायनिर्णय मिळवण्यासाठी आता मोठे शुल्क भरावे लागतेच असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ई-एससीआर ही निकाल शोधण्याची विनामूल्य सेवा सुरू केली आणि त्याच वर्षी निर्णयांना स्वतःचे तटस्थ, म्हणजे कोणत्याही खासगी प्रकाशकावर अवलंबून नसलेले, उद्धरण-क्रमांक देण्यास आरंभ केला. विद्यार्थ्यांना निकाल वाटताना कॉपीराइटचा प्रश्न येतो, आणि कायद्याच्या महाविद्यालयानेच तिथे चुकू नये. न्यायालयाच्या निकालाचा मूळ मजकूर पुनर्मुद्रित करायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ मुभा देते. खासगी प्रकाशकाने स्वतः लिहिलेले शीर्षटिपण (निकालाच्या आरंभी दिलेला सारांश) आणि संपादकीय भर त्याची असते, हे ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात स्पष्ट झाले. तेव्हा गूगल क्लासरूमवर टाकायची प्रत न्यायालयाच्या संकेतस्थळावरूनच उतरवलेली बरी.

उत्तर देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी याच ठिकाणी नवी जोखीम आणली. अस्तित्वातच नसलेल्या खटल्यांची नावे ती क्रमांकासकट देतात. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली अशी बनावट उद्धरणे सादर करणाऱ्या वकिलांना दंड झाला होता. प्रत्येक उद्धरण मूळ निकाल उघडून तपासल्याशिवाय टिपणात घ्यायचे नाही, हा नियम प्राध्यापकांनी आधी स्वतःला लावावा.

भाषेचा प्रश्न या भागात विशेष जिव्हाळ्याचा आहे. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या न्यायालयात मराठी चालते, उच्च न्यायालयात इंग्रजी. कोल्हापूरला १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाल्याने सातारा-सांगलीच्या विद्यार्थ्यांना ते कामकाज जवळून पाहता येते, आणि दोन्ही भाषा लागतात हेही पटते. शब्दांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश महाजालावर आहेत. अडचण जुन्या मराठी टिपणांची आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेव या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अर्थहीन चिन्हांची रांग दिसते. ती युनिकोडमध्ये बदलणारी साधने मिळतात, पण रूपांतरानंतर माणसाने ओळ न् ओळ वाचलीच पाहिजे. रफार सरकला तर वाचक समजून घेईल. ‘अदखलपात्र’ (पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता न येणारा गुन्हा) मधला ‘अ’ गळाला, तर कायदाच उलटा होतो.

जुन्या पुस्तकांच्या बाबतीतही तीच काळजी घ्यावी लागते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी सांगली शहरात शिरले, आणि पुस्तके भिजल्यावर काय होते ते या भागाने पाहिले. दुर्मीळ ग्रंथांचे स्कॅन करून प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवणे तेव्हापासून अधिकच निकडीचे वाटते. मात्र नुसते छायाचित्र काढून काम पुरे होत नाही. अंध विद्यार्थ्याच्या पडदा-वाचकाला (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला) छायाचित्रातले अक्षर वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक पानावर अक्षर-ओळख (ओसीआर) चालवून मजकूर तपासावा लागतो. पानाच्या कोपऱ्यातला क्रमांक कापला जाणार नाही, हेही पाहावे लागते, कारण न्यायालयापुढे आधार सांगताना वकील पान क्रमांकानेच बोलतो.