पार्श्वभूमी : स्वतःबद्दल लिहिताना सांगायचं किती?

नाशकात आठवणी लिहून काढणारी मंडळी बरीच आहेत. निवृत्त शिक्षक, नाशिकरोडच्या छापखान्यातले कामगार, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत उभी हयात घालवलेले फिटर, नातवंडं मोठी झाल्यावर मोकळ्या झालेल्या आज्या. दोनशेपानी वही घेऊन डीटीपीवाल्याकडे जातात, पुस्तक निघतं, घरच्या घरी प्रकाशनही होतं. पण त्यातल्या कितीतरी पुस्तकांत तो माणूसच भेटत नाही. ‘माझा जन्म एका गरीब पण संस्कारी कुटुंबात झाला’ इथून सुरुवात आणि ऋणनिर्देशाने शेवट. मधल्या पानांत कुणी कुणावर चिडत नाही, कुणाला कुणाचा हेवा वाटत नाही. भीती एकच असते : खरं लिहिलं तर घरचे काय म्हणतील? ही भीती जुनी आहे आणि तिच्यावरून मराठीत मोठा वाद होऊन गेला आहे.

फार मागचं थोडक्यात. सतराव्या शतकात वैजापूरजवळच्या शिऊरच्या बहिणाबाई या संत कवयित्रीने अभंगांतून स्वतःचं आयुष्य सांगितलं. तिच्या भक्तीपायी संतापलेल्या नवऱ्याने केलेली मारहाणही त्यात आहे. पुढे नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ मध्ये जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी, नवरा १८९५ मध्ये ख्रिस्ती झाल्यावर मोडलेला आणि काही वर्षांनी पुन्हा सावरलेला संसार, ओट्यावर बसून बोलावं तसा लिहिला. नवऱ्याचा तापटपणा झाकला नाही आणि त्याच्यावरची मायाही लपवली नाही. १९३४ पासून ते लेखन ‘स्मृतिचित्रे’ या नावाने भागाभागाने पुस्तकरूपात आलं. शाळेच्या पुस्तकात धडा म्हणून ते आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलेलं आहे.

डॉ. आंबेडकरांचा काळाराम मंदिराचा सत्याग्रह आणि त्यांची धर्मांतराची येवल्याची घोषणा इथल्या वाचकाला नव्याने सांगायला नको. त्या चळवळीने घडवलेली दलित पिढी लिहू लागली, तेव्हा आधी कथा आली. विहितगावात जन्मलेल्या बाबूराव बागूल या कामगार लेखकाचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ मध्ये निघाला. त्याच्या शीर्षककथेतला ‘मी’ परगावी जात लपवून राहतो आणि उघड झाल्यावर मार खातो. अनुभव अंगावर येतो, पण ती कथा म्हणून छापलेली होती. लेखकाला निदान तेवढा आडोसा होता. शेजारच्या नगर जिल्ह्यात जन्मलेल्या दया पवार या कवीने १९७८ मध्ये ‘बलुतं’मध्ये तो आडोसा काढून टाकला आणि आयुष्य स्वतःच्या नावाने मांडलं. तरीही सरळ ‘मी’ म्हणणं सोपं नव्हतं. त्याने स्वतःचे दोन भाग केले : वस्तीतल्या जुन्या नावाचा एक सांगतो आणि शिकून शहरात आलेला दुसरा ऐकतो.

वाद पेटला तो यानंतर, आणि तो दोन्हीकडून आला. बाहेरचे समीक्षक विचारू लागले की याला वाङ्मय म्हणायचं की कैफियत. आतून आलेला आक्षेप जास्त दुखरा होता. शिकून चार पैसे मिळवू लागलेले काहीजण म्हणाले, हा उकिरडा कशाला उकरता? आपल्याच आयाबायांची अब्रू वेशीवर कशाला टांगता? या आक्षेपामागे निव्वळ खोटी प्रतिष्ठा होती असं मी म्हणणार नाही. ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तुच्छतेनेच पाहिलं गेलं, त्यांना आपलं घर परक्यांपुढे उघडं पडण्याची धास्ती वाटणारच. पण ती पुस्तकं आली नसती, तर मराठी गद्य पुष्कळ दरिद्री राहिलं असतं.

याच वादात फलटणच्या बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ हे लेखन वेगळं उभं राहतं. किराणा दुकान सांभाळता सांभाळता त्यांनी चोरून लिहिलं आणि वीसेक वर्षं वह्या घरच्यांपासून दडवून ठेवल्या. १९८०च्या दशकात ते लेखन आधी एका स्त्रीविषयक मासिकातून आणि मग पुस्तकरूपाने आलं. त्यात ‘मी’पेक्षा ‘आम्ही’ जास्त आहे. वस्तीतल्या सुनांचे हाल आहेत, उपास आहेत, पण स्वतःच्या नवऱ्याचा मार नाही. तो त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितला. मग पुस्तक अपुरं ठरतं का? मला तसं वाटत नाही. त्यांना स्वतःची कर्मकहाणी सांगायची नव्हती, समाजाची सांगायची होती, आणि काय बाजूला ठेवायचं ते त्यांनी स्वतः ठरवलं. विचारल्यावर नाकारलंही नाही. शिऊरच्या संत कवयित्रीने मार लिहिला, फलटणच्या बाईंनी गाळला. तरी दोघींचा आवाज अस्सल लागतो.

आपल्याकडच्या वह्यांची अडचण गाळण्यात नसून सारवासारव करण्यात आहे. नाशिकरोडच्या एका निवृत्त कामगाराने वहीत लिहिलं होतं, ‘वडील अत्यंत शिस्तप्रिय होते.’ चहा पिताना तेच म्हणाले, ‘बाप पट्ट्यानं हाणायचा, अन्‌ रात्री आम्ही झोपलोसं बघून पाठीला तेल लावायचा.’ हे वाक्य वहीत का नाही, असं विचारल्यावर ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, थोरला भाऊ वाचेल. पट्टा राहू द्या, निदान तेलाचं तरी लिहा, असंही सुचवून पाहिलं. पण पट्ट्याशिवाय तेल कसं लिहायचं, हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

छापण्याआधी घरच्यांना वाचायला द्यायचं का, यावर इथल्या लिहिणाऱ्यांत अजून एकमत नाही. काही जण नावं बदलतात, काही थोरल्या पिढीतलं माणूस जाईपर्यंत थांबतात. या गृहस्थांनी वही घेऊन भावाकडे जायचं ठरवलं आहे.