१०८ ची गाडी बोलावताना : कागद नको, पत्ता हवा

आण्णांच्या छातीत कळ आली तेव्हा रात्रीचे पावणेदोन वाजले होते. बनियन घामानं चिंब, डावा हात दाबून धरलेला. आणि आम्ही काय करत होतो? आई पेटी उघडून रेशनकार्ड शोधत होती, मी कपाटातला आधारचा झेरॉक्स. "कागद घ्या आधी, नाहीतर दवाखान्यात घेत न्हाईत," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळं घर कागदामागं लागलं. शेवटी शेजारच्या काकूंनी १०८ लावला. आण्णा आज ठीक आहेत, पण ती वाया गेलेली दहा मिनिटं मला अजून टोचतात. म्हणून ही माहिती जरा सविस्तर लिहितो आहे.

पहिली गोष्ट अगदी स्पष्ट सांगतो. १०८ ची रुग्णवाहिका बोलवायला कोणताही कागद लागत नाही. अर्ज नाही, नोंदणी नाही, उत्पन्नाचा दाखला नाही, पैसेही नाहीत. पात्रता एकच, माणसाचा जीव धोक्यात असणं. हंगामाला बीडहून आलेला ऊसतोड मजूर असो, महामार्गावरून जाणारा परराज्यातला ट्रकचालक असो, की गावातला सधन बागायतदार, सगळ्यांना तीच गाडी आणि तीही फुकट. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ च्या जानेवारीत सुरू झाली ती ९३७ गाड्यांनिशी. त्यांतल्या २३३ अ‍ॅडव्हान्स लाइफ सपोर्टच्या, म्हणजे व्हेंटिलेटर आणि हृदयाला शॉक देण्याचं यंत्र असलेल्या, बाकीच्या बेसिक. गाडीत चालकाबरोबर डॉक्टर असतो, हे इथलं वैशिष्ट्य.

मग अडतं कुठं? पत्त्यावर. फोन लागतो पुण्याच्या नियंत्रण कक्षात. तिथं बसलेल्या माणसाला तुमचा मळा माहीत नसतो. आपल्याकडं निम्मी माणसं गावठाणात राहतच नाहीत, मळ्यात आणि वस्तीवर राहतात. काकूंनी "पवार मळा" सांगितलं आणि आमच्या गावात पवार मळे दोन आहेत. गाडी आधी ओढ्यापलीकडच्या मळ्याकडं वळली. मी बॅटरी घेऊन डांबरी रस्त्यावर येऊन उभा राहिलो तेव्हा कुठं चालकाला दिसलो.

म्हणून सांगण्याचा क्रम पक्का ठेवा. आधी जिल्हा आणि तालुका, मग गाव, मग गावातून वस्तीकडं वळणारी खूण. खूण अशी निवडा जी रात्री दिसते : पाण्याची टाकी, दूध संस्थेची इमारत, मंदिराची कमान, पेट्रोल पंप. "आंब्याच्या झाडापाशी वळा" हे अंधारात काही कामाचं नाही. त्यानंतर रुग्णाचं वय, काय होतंय, शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का. समोरचा प्रश्न विचारतो तेव्हा चिडू नका, त्यावरूनच कोणती गाडी पाठवायची ते ठरतं. फोन ठेवल्यावर तोच मोबाइल मोकळा ठेवा, कारण गाडीतून त्याच नंबरवर फोन येतो. आम्ही त्या वेळी पाहुण्यांना फोन लावत बसलो होतो. ही चूक अगदी सर्रास होते. आता आमच्या दाराच्या मागं हा पत्ता मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलाय, सातवीतली पुतणीसुद्धा तो फोनवर वाचून दाखवू शकते.

उसात पाणी पाजताना सर्पदंश झाला तरी हाच नंबर. देवऋष्याकडं नेऊन वेळ घालवू नका. दोरीनं करकचून आवळू नका, चिरा देऊ नका. पाय हलू न देता झोपवून ठेवा आणि फोनवर "साप चावलाय" हे पहिल्या वाक्यात सांगा.

गाडी रुग्णाला कुठं नेते, यावरून बरेच वाद होतात. साधारणपणे जवळच्या, त्या दुखण्यावर उपचार होऊ शकतील अशा सरकारी दवाखान्यात. ग्रामीण रुग्णालयातून पुढं सांगलीच्या सिव्हिलला, मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात हलवायचं असेल, तर तिथले डॉक्टर रेफर चिठ्ठी देतात. ती चिठ्ठी आणि आधीच्या तपासण्यांचे कागद सोबत ठेवा. मृतदेह नेण्यासाठी मात्र ही गाडी नाही, त्याला शववाहिका वेगळी असते.

कागदांची पाळी येते ती रुग्ण दाखल झाल्यावर. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, रेशनकार्ड पिवळं, केशरी की पांढरं हे आता आड येत नाही. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचा, कक्ष असतो. तिथं रेशनकार्ड, आधार किंवा दुसरं फोटो असलेलं ओळखपत्र आणि आयुष्मान कार्ड काढलं असेल तर ते द्यायचं. तातडीच्या वेळी आरोग्यमित्र फोनवरून मंजुरी घेतो आणि उपचार सुरू होतात, कागद मग रुग्ण दाखल असतानाच पुरे करायचे असतात. रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं का, हे मात्र आजच बघून ठेवा. सुनेचं नाव माहेरच्याच कार्डावर राहिलेलं असतं, नेमकं ते दवाखान्यात कळतं. बीडचं कार्ड सांगलीत चालतं, योजना राज्याची आहे. शंका असेल तर योजनेचा टोल फ्री नंबर १५५३८८.

रस्त्यावरचा अपघात असेल तर आणखी एक सोय आहे. ५ मे २०२५ च्या केंद्राच्या योजनेप्रमाणे मोटार अपघातातल्या जखमीला, ठरवून दिलेल्या रुग्णालयात, अपघाताच्या दिवसापासून ७ दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात. त्यासाठी अपघाताची पोलिसांत नोंद लागते, त्यामुळं ११२ लाही कळवा. मदत करणाऱ्यानं घाबरायचं कारण नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ प्रमाणे चांगल्या भावनेनं मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. साक्षीदार व्हायचं की नाही, नाव सांगायचं की नाही, हे त्याच्या मर्जीवर. खंबाटकी घाटात गाडी उलटलेली दिसली आणि लोक नुसते मोबाइल धरून उभे असले की मला हे कलम ओरडून सांगावंसं वाटतं. आणि हंगामात उसाच्या जोडट्रॉलीवाल्यांनाही एक विनंती : मागं सायरन ऐकू आला की बाजू द्या. अडवलं तर कलम १९४ई प्रमाणे १० हजारांचा दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे, पण त्याहून मोठं म्हणजे आत कुणाचा तरी बाप असतो.

बाळंतपणासाठी १०२. ही गाडी बहुतेक प्राथमिक आरोग्य केंद्राकडं असते. घरून दवाखान्यात, गरज पडली तर पुढच्या दवाखान्यात आणि बाळंतिणीला परत घरी, तिन्ही वेळा मोफत. हा हक्क जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाचा, २०११ पासूनचा. आजारी तान्ह्या बाळालाही तो लागू आहे. परतीच्या गाडीची गोष्ट बऱ्याच घरांना माहीतच नसते, भाड्याच्या जीपला पैसे मोजतात. आशाताईंचा नंबर जवळ ठेवा, माता-बाल कार्ड पिशवीत टाका. कार्ड विसरलं म्हणून गाडी परत जात नाही.

राहिला पूर. कृष्णाकाठच्या लोकांनी २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाहिलंय, रस्ताच पाण्याखाली गेला की १०८ दारापर्यंत येऊ शकत नाही. अशा वेळी जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ लावायचा, बोटीनं रुग्ण कोरड्या रस्त्यापर्यंत आणायचा आणि तिथं गाडी बोलवायची. फोनवर कोणता रस्ता चालू आहे ते सांगायचं. सांगलीत आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी, ४५ धोक्याची. पाणी चाळिसाकडं सरकायला लागलं, की नववा महिना लागलेली लेक किंवा सून, डायलिसिसवर असलेला माणूस, ऑक्सिजन लावलेली म्हातारी यांना आधी हलवा, रस्ता सुरू आहे तोवर.