इंजिन जाम झालंय? खोलायच्या आधी हे वाचा

आमच्या गॅरेजपाशी टेम्पोतून मोटरसायकल उतरवता उतरवता बहुतेक जण एकच सांगतात, "इंजिन जाम झालंय, किक हलतच नाही." किक हलत नाही हे खरं असतं. पण ती न हलण्याची कारणं पाच-सहा तरी निघतात, आणि त्यांतली काही तर इंजिन न खोलताच सापडतात. जुन्या ऑफ-रोड गाडीचे पार्ट आता सहज मिळत नाहीत, त्यामुळे उगाच खोललेलं इंजिन महागात पडतं. आम्ही गाडी कशी तपासतो, आणि ती आमच्यापर्यंत येईतो तुम्ही काय करावं, काय टाळावं, हे सांगायला हे पत्रक काढलं आहे.

आमच्याकडे मुख्यतः दोन तऱ्हेच्या गाड्या येतात. एक म्हणजे माती-चिखलात पळवायला बदल केलेली यामाहा आरएक्स १००, टू-स्ट्रोक. दुसरी हीरोची इम्पल्स, २०११ साली आलेली १५० सीसीची फोर-स्ट्रोक. दोघींचं जाम होणं वेगळं, म्हणून तपासणीही वेगळी.

गाडी जिथे थांबली तिथे

चालू गाडीचं मागचं चाक अचानक धरलं तर आधी क्लच दाबा आणि गाडी सरळ ठेवा. बाजूला घेतल्यावर लगेच किक मारू नका. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडरची स्लीव्ह बिडाची. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं, आणि दोघांत मुळात जागा असते ती काही शतांश मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीएवढी. अर्धा तास थंड होऊ दिली की पुष्कळदा पिस्टन आपोआप सुटतो. पण सुटला म्हणजे बरा झाला, असं समजून घरापर्यंत पळवू नका. ओरखडे पडलेले असतात, पिस्टनचं ॲल्युमिनियम बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) माखलेलं असतं, आणि दुसऱ्यांदा धरतो तेव्हा रिंग तुटून सिलिंडरही जातो.

पावसाळ्यात ओढ्यात गाडी आडवी झाली असेल तर त्याहून मोठी काळजी घ्या. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं की किक दगडासारखी लागते, कारण पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. अशा वेळी सेल्फ मारू नका. आधी प्लग काढा, मग हळूहळू किक फिरवा. ताम्हिणी घाटाखालच्या एका ओढ्यात पडलेली इम्पल्स आमच्याकडे आली होती. प्लग काढून किक फिरवल्यावर भोकातून गढूळ पाण्याची चिळकांडी उडाली, सोबत गवताची काडी. गाडी सुटली, चालूही झाली, पण आवाज बरोबर येईना. हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) उतरवून मोजलं तर पिस्टन सगळ्यात वर आल्यावरही जवळजवळ मिलिमीटरभर खाली राहत होता. कनेक्टिंग रॉड वाकला होता. ओढ्याच्या काठावर कोणीतरी चार-पाच वेळा सेल्फ दाबला होता, एवढंच कारण. प्लग आधी काढला असता तर ते इंजिन खोलावंच लागलं नसतं.

आम्ही कुठून सुरुवात करतो

पहिल्यांदा बघतो की अडकलंय ते इंजिनच आहे का. गाडी न्यूट्रलमध्ये, मागचं चाक वर. चाक फिरत नसेल तर ब्रेक ड्रम गंजून धरलेला असतो, किंवा चेन उतरून पुढच्या स्प्रॉकेटपाशी कव्हरमध्ये अडकलेली असते. चाक मोकळं असेल तर टॉप गिअर टाकून चाक हाताने हळूच हलवतो. त्याने इंजिन फिरलं, पण किक मात्र घट्टच असली, तर दोष किकच्या गिअरमध्ये किंवा शाफ्टमध्ये आहे. ते काम क्लच कव्हरच्या आत उरकतं, हेडला हातही लावावा लागत नाही.

मग प्लग. प्लगच्या टोकावर चांदीसारखे बारीक कण चिकटलेले दिसले तर पिस्टन वितळायला लागला होता. भोकातून टॉर्च मारून पिस्टनचा माथा, गंज, पाणी, कार्बन पाहतो.

त्यानंतर डाव्या बाजूचं मॅग्नेट कव्हर काढून क्रँकच्या (इंजिनच्या फिरत्या दांड्याच्या) टोकावरच्या नटला पाना लावतो आणि आधी एका दिशेला, मग उलट, अगदी हलक्या हाताने फिरवून बघतो. इथे हातालाच सगळं कळतं. अजिबात हलत नाही, तर पिस्टन गंजून चिकटलाय किंवा क्रँकचं बेअरिंग धरलंय. थोडं फिरून खटकन थांबतं, उलट फिरवलं की पुन्हा तितक्याच अंतरावर खटकन, तर आत काहीतरी आडवं आलंय: तुटलेली टायमिंग चेन, वाकलेला व्हॉल्व्ह, गिअरचा दात. फिरतं पण खरखरत, तर बेअरिंग. पान्यावर पाइप चढवून जोर लावणं आमच्याकडे चालत नाही, तुम्हीही लावू नका. मॅग्नेटची चावी (त्याला दांड्यावर जागच्या जागी धरणारा छोटा तुकडा) तुटते आणि एक काम असलं तर दोन होतात.

टू-स्ट्रोकला आधी सायलेन्सर काढा

आरएक्सच्या बाबतीत आम्ही हेडच्या आधी सायलेन्सर उतरवतो. एक्झॉस्टच्या भोकातून पिस्टनची पुढची बाजू सरळ दिसते. क्रँक थोडासाही हलत असेल तर हलवून जास्त दिसते. तिथे उभे, चमकणारे ओरखडे असतील तर ऑइल कमी पडलं किंवा मिश्रणात हवा जास्त झाली. सिलिंडर उतरवल्यावर पिस्टनवर चार ठिकाणी सारखे ओरखडे दिसले, तर बहुधा थंड इंजिन चालू करून लगेच ताणलं होतं, किंवा रिबोअर करणाऱ्याने (सिलिंडर आतून कापून मोठा करणाऱ्याने) पिस्टनला जागा कमी ठेवली होती.

मिश्रणात जास्तीची हवा कुठून येते? बहुतेक वेळा कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांच्यामधल्या रबराच्या चिरेतून. वरून ते रबर धडधाकट दिसतं, पण बोटांनी वाकवलं की चीर उघडते. क्रँकचं ऑइल सील कडक झालं तरी तेच होतं. हे कारण न शोधता नुसता बोअर-पिस्टन बदलला तर नवा पिस्टनही धरणार. म्हणून कारण सापडल्याशिवाय आम्ही सिलिंडर लेथवाल्याकडे पाठवत नाही.

ऑइलचा पंप काढून पेट्रोलमध्येच टू-टी (टू-स्ट्रोकचं ऑइल) मिसळणाऱ्यांनी माप डोळ्यांनी ठरवू नये. लिटरला २० मिली म्हणजे ५०:१. माती-चढावर पळणाऱ्या जुन्या आरएक्सला आम्ही ३० मिलीच्या आसपास सांगतो. धूर थोडा जास्त येईल, येऊ द्या.

इम्पल्सला ऑइल बघा

फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल जेमतेम लिटरभर असतं, आणि ते कमी झालं की सगळ्यात आधी कोरडं पडतं हेड. टॅपेटची झाकणं उघडून पाहिलं की रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) कोरडे आणि तापून निळसर झालेले दिसतात. मग जाम झालाय तो कॅम (रॉकर हलवणारा दांडा), पिस्टन नाही. ड्रेन बोल्ट काढून ऑइल स्वच्छ पांढऱ्या ताटलीत घेतो. दुधाळ असेल तर पाणी. पेट्रोलचा वास आणि पातळ असेल तर कार्ब्युरेटरमधून पेट्रोल झिरपत होतं. चमक असेल तर लोहचुंबक फिरवतो: चिकटली तर बेअरिंग किंवा गिअर, नाही चिकटली तर पिस्टन किंवा कॅमची बैठक.

वर्ष-दोन वर्षं उभी राहून जाम झालेल्या गाडीची गोष्ट वेगळी. रिंगा बोअरला गंजाने धरलेल्या असतात. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल ओल धरतं, त्यामुळे पावसाळाभर अर्ध्या टाकीने उभी राहिलेली गाडी आतूनही गंजते. प्लगच्या भोकातून थोडं डिझेल आणि ऑइल सोडून आम्ही दोन-तीन दिवस गाडी तशीच ठेवतो, रोज मॅग्नेटच्या नटवर हलकंसं हलवतो. घाई केली तर रिंग तुटते.

इथवरच्या तपासणीत काय दिसलं ते फोटोसह तुम्हाला कळवतो. तुमचा होकार आल्यावरच इंजिन खोलतो. काढलेले सगळे पार्ट परत मिळतील. इम्पल्सचं इंजिन हीरोच्याच हंक या गाडीवर बेतलेलं आहे, त्यामुळे पार्ट शोधताना आम्ही तिकडेही पाहतो, पण प्रत्येक पार्ट मापून घेऊनच बसवतो.

गाडी आणताना ऑइल काढून आणू नका, प्लग पुसू नका, आणि आधी कोणी काय खोललं असेल तर तेही सांगा.